तीन मॅचचा सीझन

शुक्रवारी रात्री दीड वाजता रिलीज गेलं आणि शनिवारी सकाळी साडेसहाला वेल्ह्याहून मामांचा फोन. "तू जरा बारक्याशी बोल. तुझं ऐकतो तो. भरतीच्या अकॅडमीची फी म्हणून पैसे दिले, आणि पठ्ठ्याने फुटबॉलचे बूट आणले!"

बारक्या म्हणजे माझा मामेभाऊ. भोरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घराण्यात इंजिनिअर मी एकटाच, त्यामुळे कोणाला काही समजवायचं असलं की ते काम आपोआप मला असाइन होतं. झोप तशीही उडाली होती. काढली बाइक. कात्रजचा बोगदा, चेलाडी फाट्यावर मिसळ, आणि साडेदहाला तोरण्याच्या पायथ्याशी हजर.

बारक्या खाचरात सापडला. भातं निघून गेली होती, धसकटं तेवढी राहिलेली. त्यातूनच पाचसहा पोरं अनवाणी बॉलमागे पळत होती. बांध म्हणजे लाइन, आणि गोलपोस्ट म्हणून दोन चपला. नवे बूट बांधावर पिशवीत. "मॅचलाच घालतो. इथं झिजतील ना, दादा."

आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, नाहीतर गावची क्रिकेट टूर्नामेंट. मग फुटबॉल आला कुठून? 15 सप्टेंबर 2017 ला सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं होतं, आठवतंय? सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप भारतात होणार होता म्हणून. मी तेव्हा कॉलेजात होतो, बातमी वाचून हसलो होतो. बारक्या शाळेत होता, आणि त्याने त्या दिवशी पहिल्यांदा फुटबॉलला पाय लावला. दहा लाखांतला एक.

यंदा त्यांच्या कॉलेजने पहिल्यांदाच टीम उतरवली. अकरा जण जमेनात म्हणून चार कबड्डीवाले घेतले. पैकी एक सवयीने समोरच्याचा पाय धरायचा! पहिली मॅच 0-9. दुसरी 0-4. तिसरी 1-2. संपला सीझन. तो एक गोल बारक्याने मला बांधावर खडे मांडून तीनदा समजावला. मारला दुसऱ्याच कोणीतरी होता, पण पास याचा होता.

मी समजवायला गेलो होतो, पण गोष्टी सांगत बसलो. म्हटलं, मुंबईत 1891 मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पुढेही वर्षानुवर्षं गोऱ्या पलटणींचंच राज्य. 1911 ला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरातले दहा जण अनवाणी. पण तीच मोहन बागान 1923 ला रोव्हर्सच्या फायनलला आली आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून 1-4 ने हरली. भारतीय टीमने रोव्हर्स जिंकायला 1937 उजाडलं. बंगळूर मुस्लिम्स. म्हणजे 46 वर्षं!

"आणि आपल्यात कोण?" बारक्याने विचारलं. आपल्यात म्हणजे मराठीत. मी कोल्हापूर म्हटलं. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींची नावं फुटबॉल टीमना आहेत, आणि पेठापेठांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं. कुस्तीच्या गावात फुटबॉल रुजला तो असा, तालमीतूनच. 2017 च्या त्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. बारक्या म्हणाला, "म्हणजे कबड्डीवाले घेतले ते बरोबरच होतं की."

मग त्यानेच विषय काढला. "बाबांनी पाठवलं ना तुला? भरतीला सोळाशे मीटर पळायचं असतं. मॅचमध्ये त्याच्या कितीतरी पट पळतो मी. पण पुढच्या वर्षी टीममध्ये मीच नसलो तर टीमच राहणार नाही, दादा."

यावर मी काय बोलणार? मी स्वतः थर्ड इयरला कॉलेजची टीम सोडली, प्लेसमेंटसाठी. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. निर्णय चुकला असंही म्हणवत नाही, ईएमआय त्यावरच चाललाय. पण त्यानंतर मी नव्वद मिनिटं एका जागी काही केलं असेल तर ती मीटिंगच.

आणि मामा तरी चुकले कुठे? दोन खाचरं आणि वर्षाला एक पीक. वर्दी मिळाली तर घर उभं राहतं. तो हिशेब 1-2 च्या स्कोअरने खोडता येत नाही.

जेवताना मामांनी विचारलंच, "बोललास का?"

"बोललो. अकॅडमीची फी मी भरतो. सकाळी अकॅडमी, संध्याकाळी बॉल. दोन्ही करीन म्हणालाय."

"आणि अभ्यास?"

याचं उत्तर आम्ही दोघांनीही तयार केलं नव्हतं. बारक्या आमटीत बघत राहिला. मामींनी मला न विचारता आणखी भात वाढला.

निघताना मामा गाडीपर्यंत आले. हळूच विचारलं, "पहिल्या मॅचला नऊ खाल्ले म्हणाला?"

"हो."

"आणि शेवटच्या मॅचला?"

"दोनच."

"हं," मामा म्हणाले. थोडा वेळ खाचराकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "सावकाश जा. चेलाडीपर्यंत रस्ता खराब आहे."

असो. फी सोमवारी भरायची आहे. बुटांचे पैसे मामांनी अजून मागितलेले नाहीत.