जिंकलेला डाव, बुडालेली वसुली

तो डाव मीच जिंकलो, हे आधी सांगून टाकतो. ही हकीकत ज्याला ज्याला ऐकवली त्याने शेवटी हेच विचारलं, ‘‘अरे, पण जिंकलास ना? मग रडतोस कशाला?’’ बायको तर आता नुसतं ‘मकाव’ म्हटलं की उठून आत जाते.

हाँगकाँगला नोकरी करणाऱ्याला मकाव म्हणजे तासाभराची बोट. 2018 पासून पुलावरून बसही जाते. पत्त्यांचा नाद जुनाच. घरी मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन, हॉस्टेलवर तीन पत्ती, मग पणजीला मांडवीतल्या बोटीवर पहिल्यांदा टेक्सास होल्डेम. मकावमधली कोताई बघितली तेव्हा मांडवीतल्या त्या बोटी खेळण्यातल्या वाटल्या. टाइपा आणि कोलोआन या बेटांमध्ये भराव घालून केलेली ही जमीन. 2007 साली तिथे व्हेनेशियन उघडलं. आत कालवे, गोंडोला, वर रंगवलेलं आभाळ. त्यानंतर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी हॉटेलं उभी राहिली. पण गर्दी असते ती बॅकरॅटच्या टेबलांवर. पोकरची खोली कुठेतरी कोपऱ्यात, कारण तिच्यात कॅसिनोला फारसं मिळत नाही. इथे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि प्रत्येक डावातून कॅसिनो आपला छोटा हिस्सा, म्हणजे रेक, कापून घेतो. कोण जिंकलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. निदान माझी तशी समजूत होती.

टेबल पन्नास-शंभरचं, म्हणजे दर डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा तेवढ्या, हाँगकाँग डॉलरात. मकावचं स्वतःचं चलन आहे, पण टेबलावर चालतो तो हाँगकाँगचाच डॉलर. माझ्यापुढे अकरा हजारांच्या चिप्स होत्या. समोरचा गृहस्थ पन्नाशीचा, पांढरा टी-शर्ट, वाचायचा चष्मा कपाळावर सरकवलेला. रोजचा असावा. डीलर त्याला नावाने हाक मारत होते आणि चहा न मागता येत होता.

त्याने चारशेला सुरुवात केली, मी चौकट आणि किलवरच्या दोन अठ्ठ्यांवर आत गेलो. बाकीचे बाहेर. फ्लॉपला, म्हणजे मधे उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, इस्पिक राजा, बदाम अठ्ठी, इस्पिक तिर्री. म्हणजे माझ्या तीन अठ्ठ्या झाल्या. त्याने सहाशे लावले, मी अठराशे केले, तो आला. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, चौकट पंजी. त्याने चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, मी सव्वीसशे लावले, तो पुन्हा आला. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, किलवर दुर्री, फारसं काही न बदलणारी. मधे पावणेदहा हजार जमले होते, माझ्याकडे उरले होते बासष्टशे. त्याने पुन्हा चेक केलं. मी म्हणालो, ऑल-इन, उरलेलं सगळं.

आता नीट ऐका. तो दीड-दोन मिनिटं बसून राहिला. मग त्याने हजाराच्या चिप्सची एक चळत उचलली, हात लांब केला, चळत पत्त्यांच्या पुढे टेबलाच्या मध्याकडे आणली आणि खाली टेकवली. टेकवली! चिप कापडावर टेकल्याचा आवाज मी ऐकला. शेजारच्यानेही ऐकला, तो ‘कॉल’, म्हणजे बरोबरी केली, असं पुटपुटलासुद्धा. मी पत्ते उलटे केले. तीन अठ्ठ्या. आणि त्याच क्षणी तो हात, ज्याची बोटं अजून चळतीभोवती होती, चळतीसकट मागे गेला. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मी मोजत होतो.’’

मोजत होतो! मोजायला माणूस चिप्स आपल्यापुढे मोजतो. हात लांब करून, टेबलाच्या मध्यात, गप्प बसून कोण मोजतं? समोरच्याचे पत्ते बघायचे, हरतोय असं दिसलं तर हात मागे, जिंकतोय असं दिसलं तर चळत सोडायची. बोटं उचलली नाहीत एवढाच त्याचा बचाव, आणि ती मुद्दामच उचलली नव्हती. याला पोकरमध्ये अँगल शूटिंग म्हणतात. नियम मोडायचा नाही, त्याच्या कडेकडेने चालायचं. पत्ते खाणाखुणांचे करणारा चोर मला एक वेळ परवडेल, त्याला निदान पकडलं जायची भीती असते.

फ्लोअर मॅनेजर आला. डीलर मुलीला विचारलं. ती म्हणाली, तिची नजर माझ्या पत्त्यांवर गेली होती, हात सुटलेला तिने पाहिला नाही. दोघांत कँटोनीजमध्ये काही बोलणं झालं. निर्णय असा : या खोलीत चिप्स हातातून सुटल्याशिवाय पैसे लागले असं धरत नाहीत, तोंडाने काही म्हटलेलं नाही, म्हणून कॉल नाही. मी वर छताकडे बोट दाखवून म्हणालो, कॅमेरा बघा. तो म्हणाला, ‘‘सर, बोटं सुटली नाहीत हे तुम्हीच सांगताय, मग कॅमेऱ्यात काय बघायचं?’’ याला उत्तर नव्हतं. पांढऱ्या टी-शर्टने पत्ते उपडे सरकवून दिले. मधला ढीग माझ्याकडे आला. बासष्टशे आले नाहीत. रुपयांत सत्तर हजारांच्या आसपास. बोलताना मॅनेजरचा हात पांढऱ्या टी-शर्टच्या खुर्चीच्या पाठीवर होता. रोज येणारं गिऱ्हाईक म्हणजे रोजचा रेक, हे तेव्हा लक्षात आलं.

मोबाइलवर असलं काही होऊच शकत नाही. तिथे बटण असतं, दाबलं की दाबलं. अर्थात आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन पोकर बंदच झालं. महाराष्ट्राची तर वेगळीच तऱ्हा. 1976 साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी लागू केला नाही, आणि 2023 साली रद्द केला. जुगार वाईट, हे मलाही मान्य आहे. पण कॅसिनोत जाऊन जो पोकर खेळणारच आहे, त्याला दोन गोष्टी सांगतो. खोलीत शिरल्यावर आधी विचारा, पैसे लागले असं कधी धरतात, चिप पुढे गेली की हातातून सुटली की? प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं असतं. आणि डीलरने स्वतःच्या तोंडाने ‘कॉल’ म्हटल्याशिवाय पत्ते दाखवू नका, समोरचा देवमाणूस दिसत असला तरी.

खरं तर मी उठून जायला हवं होतं, पण बसलो. तासाभराने एक आजी आल्या, हाँगकाँगच्या, हातात पुदिन्याच्या तेलाची बाटली. एका डावात त्या, मी आणि तो पांढरा टी-शर्ट असे तिघे उरलो होतो. आजींना पाचशे लावायचे होते, त्यांनी न बोलता पाच हजारांची चिप टाकली आणि लगेच ‘नाही नाही’ करत हात पुढे केला. पांढरा टी-शर्ट म्हणाला, ‘‘चिप हातातून सुटली. नियम म्हणजे नियम.’’ तोच मॅनेजर पुन्हा आला. मी म्हणालो, जाऊ द्या, त्यांची चूक झालीये, घेऊ द्या परत. टेबलावरच्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मॅनेजरने पाच हजार उचलून दिले, पाचशे ठेवून घेतले. पांढरा टी-शर्ट चष्मा डोळ्यांवर ओढून गप्प बसला आणि मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या.

परतीच्या बोटीत मात्र ते गणित सुटेना. आजी येण्याआधी मी ओरडत होतो की नियम सगळ्यांना सारखा हवा. आणि नियमाने बघितलं तर आजींच्या वेळी बरोबर होता तो माणूस. चिप सुटली होती. माझ्या वेळीही, नियमाने, तोच बरोबर होता. दोन्ही वेळा एकाच नियमाने वागलेला त्या टेबलावर तो एकटा, आणि तरीही लबाड तोच, यावरून मी अजून एक इंचही हललेलो नाही. हेतू बघायचा म्हटलं तर मॅनेजरने कुणाच्या मनात शिरायचं? गल्लीतल्या क्रिकेटात ज्याची बॅट त्याचा निर्णय, ते परवडलं. निदान बॅट कुणाची हे सगळ्यांना माहीत असायचं.

मित्र विचारतात, पुन्हा जाणार का? जाणार. तिथेच? हो, तिथेच. तो माणूस लबाड आहे, पण एरवी अगदी सैल खेळतो. अर्ध्या-कच्च्या पत्त्यांवर टर्नपर्यंत पैसे घालत राहतो, त्या रात्री इतरांकडून चिक्कार हरलाही. अशा माणसाच्या डावीकडे बसलं की तो आधी बोलतो आणि आपण नंतर. ती खुर्ची मोकळी असेल तर मी तीच मागेन.