हॉलचा हिरवा

यंदा शबेबरातच्या आधी घराला रंग काढायचं ठरलं, तेव्हा वाद झालाच तर तो खर्चावरून होईल, असं मला वाटलं होतं. झाला तो रंगावरून.

आमच्या हॉलच्या खिडक्या पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं आणि पांढऱ्या भिंतींवरून डोळ्यांवर आदळतं. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लख्ख उजेड सोसत नाही. दिवसभर त्यांची बैठक मात्र याच हॉलमध्ये. येणारं-जाणारं माणूस दिसतं म्हणून. दुपारी ते भिंतीकडे पाठ करून, डोक्यावर रुमाल ओढून बसतात. म्हणून मी फिकट हिरवा सुचवला. पोपटी नको, त्यात पिवळा जास्त असतो आणि तो उन्हात तापल्यासारखा दिसतो. थोडा निळा आणि चिमूटभर राखाडी मिसळलेला हवा. शेवग्याचं पान उलटं केल्यावर दिसतो तसा.

पुण्याला नोकरी करणारा मुलगा फोनवर म्हणाला, "अम्मी, हॉलला हिरवा नको. आतल्या खोलीला हवा तर द्या. दार उघडं असलं की जिन्यावरून जाणाऱ्याला पहिली तीच भिंत दिसते."

त्याचं म्हणणं मला लगेच कळलं. भाड्याची खोली शोधताना नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची आणि नाव सांगितलं की 'आत्ताच गेली' असं उत्तर यायचं. असं चार वेळा ऐकलेल्या मुलाला भिंतीनं तरी गप्प राहावं असं वाटणारच. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण एक अख्खा रंग असा सोडून द्यायला माझं मन तयार होईना.

माझ्या माहेरी, गावात, घराला चुनाच लागायचा. दादी कळीचा चुना पिंपात भिजवायची, फडक्यातून गाळायची, पकड यावी म्हणून त्यात डिंक घालायची. पांढऱ्याचा कंटाळा आला की त्यात थोडी नीळ आणि थोडी पिवडी. दोन्ही मिळून मऊ, मातकट हिरवा रंग व्हायचा. ओला असताना तो गडद दिसायचा आणि वाळला की इतका फिका पडायचा की दरवर्षी आम्हां मुलांना वाटायचं, रंग फसला. आम्ही शबेबरातला चुना काढायचो, शेजारचे दिवाळीला. नीळ आणि पिवडी एकाच दुकानातली. (चांद्र महिने सरकत सरकत आमची शबेबरात कधी पावसाळ्यात यायची, तेव्हा भिंती आठवडाभर ओल्या राहायच्या आणि शेजारी हसायचे.) गल्लीतल्या निम्म्या घरांचा रंग तोच होता. माझ्या लग्नात मनगटभर हिरव्या बांगड्या होत्या. शेजारच्या ताईच्या हातातही हिरवाच चुडा आणि तिच्या डोहाळजेवणाला हिरवीच साडी.

आपल्या मनात या रंगाला जागा आहे, ती आहेच. कुरआनात जन्नतमधल्या लोकांच्या हिरव्या रेशमी वस्त्रांचा उल्लेख येतो. मदिनेतला गुंबद आपण हिरवाच ओळखतो; पण तेराव्या शतकात बांधलेल्या त्या गुंबदाला हिरवा रंग मिळाला तो 1837 मध्ये, उस्मानी काळात. रंगाशी आपली माया जुनी, पण भिंतीला तो देणं हे काही फर्ज नाही. मला तो हवा होता तो अब्बांच्या डोळ्यांसाठी. ऑपरेशन थिएटरमधले हिरवे कपडेही डोळ्यांसाठीच असतात. सतत लाल रक्ताकडे बघून सर्जनची नजर पांढऱ्या कपड्यावर गेली की तिथं हिरवट ठिपके तरळतात. कपडाच हिरवा असला की ते जाणवत नाहीत आणि चमकही कमी होते.

शेवटी घरात ठरलं, आधी नमुना लावून बघू. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास ठेवू नये. चार भिंतींवर तोच रंग दुप्पट गडद वाटतो. म्हणून मनात होती त्याहून एक पायरी फिकी शेड आणली. रंगाऱ्यानं दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचा चौकोन काढून दोन हात मारले. सकाळी तो राखाडीकडे झुकलेला दिसला, दुपारच्या उन्हात खरा हिरवा, ट्यूबलाइटखाली निळसर. पिवळ्या बल्बखाली मात्र आजारी माणसासारखा. तेवढा बल्ब बदलला. छत पांढरंच ठेवलं, नाहीतर खोली बुटकी वाटते. तीन दिवस तो चौकोन तसाच होता. तिसऱ्या दुपारी अब्बांनी खुर्ची स्वतःच फिरवून घेतली.

रंगानं उकाडा कमी होत नाही, पंखा लागतोच. पण डोक्यावरचा रुमाल गेला.

समोरच्या काकू चप्पल काढून आत आल्या, भिंतीवर हात फिरवला आणि डब्याचा नंबर लिहून घेतला; त्यांना स्वयंपाकघराला हवाय. उरलेला लिटरभर रंग घट्ट बंद करून माळ्यावर ठेवलाय, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहून. डाग पडला तर लागेल.

मुलाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हा तर राखाडी आहे." मी लिहिलं, ईदला ये, दुपारी चार वाजता बघ.