ट्रॉलीतलं बिऱ्हाड

मार्गशीर्ष वद्य. विष्णुपुरी.

नांदेड-लातूर रस्त्यावर विद्यापीठापुढून माळेगावच्या ट्रॉल्या चालल्यात. खंडोबाची यात्रा तोंडावर आली. लोह्यापलीकडचं माळेगाव या दिवसांत घोड्या-गाढवांच्या बाजारानं आणि भटक्यांच्या पालांनी भरून जातं.

आज टपरीपाशी एक ट्रॉली थांबली. तळाशी कडबा, त्यावर सतरंज्या. दोन्ही फळ्यांत वाकवून खोवलेले बांबू, वर ताडपत्री. घरधन्यानं दोरी सोडून ताडपत्री एका अंगाला गुंडाळली, तसं ऊन आत आलं. आजीबाई निवांत सुपारी कातरत बसल्या होत्या.

परदेशात घडीचा ट्रेलर घेऊन फिरणारे अशीच सोय बघतात. प्रवासात तो बुटका, बंद; साधी मोटारही त्याला ओढते. मुक्कामी छत वर उचलायचं, कापडी भिंती ताणायच्या. तंबूत ओल अंगाखाली येते, इथं अंथरूण जमिनीपासून वर. मोठ्या मोटारहोममध्ये सोयी जास्त, पण दूध आणायलाही अख्खं घर हलवावं लागतं. ट्रेलर सोडला की गाडी मोकळी. ट्रॉलीचंही तसंच: पिन काढली की ट्रॅक्टर चारापाण्याला मोकळा.

तोटेही आहेतच. कापड थंडी अडवत नाही. भिजलं तर वाळवल्याशिवाय घडी घालू नये, बुरशी धरते. शिवाय आपली ट्रॉली मुळात मालासाठी, माणसांसाठी नव्हे.

तरी बेतात राहून फिरणाऱ्या कुटुंबाला हा मधला मार्गच परवडतो. यात्रेला ट्रॉली नेणारच असाल, तर दिवसाउजेडी निघा आणि मागं रिफ्लेक्टर लावा.