सांडलेले तेल

गेल्या दिवाळीत, चकल्यांच्या आदल्या दिवशी, आमच्या स्वयंपाकघरात तेलाचा डबा कलंडला. ही वार्ता मला कळली ती सौभाग्यवतींचा पाय घसरून मनगट मोडल्यावर! सांडलेल्या तेलावर कोणीतरी गोणपाट पसरून ठेवले होते.

मनगटाला प्लॅस्टर घालून आम्ही परतलो, तो दिवाळीला आलेला माझा भाचा तेलाभोवती चकलीच्या भाजणीचा बांध घालून बसलेला. शेजारी धाकटे चिरंजीव.

"कोणी सांडले?" मी गरजलो.

बऱ्याच वेळाने चिरंजीव पुटपुटले, "मी. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

भाचा वणीकडे कोळशाच्या खाणीत इंजिनिअर आहे. रात्री तो म्हणाला, "मामा, डिझेल सांडले की आम्ही आधी गळती बंद करतो, मग भोवती माती-वाळूचा बांध घालतो, गटाराचे तोंड अडवतो आणि मग टिपतो. पाणी ओतायचे नाही. पाण्याबरोबर तेल दूरवर जाते. टाकीभोवती मुळातच भिंत असते, टाकीभर तेल मावून वर जागा उरेल एवढी. पण पाहणाऱ्याने ओरडून सांगितले नाही, तर हे सारे फुकट. म्हणून आमचा पहिला प्रश्न 'कोणी?' हा नसतो. 'किती सांडले आणि कुठे चालले आहे?' हा असतो."

मग त्याने रुमानियातल्या बाया मारेची हकीकत सांगितली. तिथे खाणींच्या जुन्या गाळातून सायनाइड वापरून सोने काढीत. उरलेले विषारी पाणी एका तळ्यात साठवीत. बर्फ वितळले, वर पाऊस पडला, आणि ३० जानेवारी २००० च्या रात्री तळ्याचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर पाणी नद्यांतून हंगेरीत तिसा नदीत आणि पुढे डॅन्यूबमध्ये गेले. एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेल्याचे तिथल्या सरकारने सांगितले. जादा पाणी सुरक्षित साठवण्याची सोयच तळ्याच्या आराखड्यात नव्हती, असे संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत आढळले. मात्र नदीकाठच्या देशांनी एकमेकांना वेळेवर कळवले. खालच्या लोकांना सावध होता आले, आणि माणसांवरचे संकट पुष्कळ हलके झाले.

मी गप्प झालो. वीस वर्षे वर्गात आणि घरात माझा पहिला प्रश्न 'कोणी?' हाच होता. त्या गोणपाटाखाली तेल मुलाने लपवले असेल. पण ते गोणपाट त्याच्या हाती माझ्या रागानेच दिले होते. बिचाऱ्या मनगटाने त्याची किंमत मोजली.

परवाच चिरंजीव धापा टाकीत आले. "बाबा, चहा सांडला. तुमच्या पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी."

'को' एवढे अक्षर ओठांवर आले होते. ते गिळून मी विचारले, "किती?"

"अर्धा कप. पण गठ्ठ्यापर्यंत नाही पोचला. मी बांध घातलाय."

जाऊन पाहिले. पेपर कोरडे होते. बांध मात्र माझ्या नव्या कोऱ्या पंच्याचा होता!

मी त्याची पाठ थोपटली. राग आला नाही असे नाही; पण त्यालाही बांध घालायला मी आता शिकतो आहे.