नाव मोठं, जागा कुठं?

मैत्रिणींनो, घरात बारावी सायन्सची मुलगी असली की जून-जुलै कसे जातात हे तुम्हांला मी सांगायला नको. आमच्या घरात तशी मुलगी नव्हती, पण माझ्या ताईची होती. नीटचा निकाल लागला आणि ती जालन्याकडून थेट आमच्या पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत येऊन धडकली. बरोबर ताई आणि दाजी. दाजींच्या एका हातात मोसंबीची पिशवी, दुसऱ्या हातात गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक.

"डॉक्टरकी काही मिळत नाही आता," चहाची बशी खाली ठेवत दाजी म्हणाले. "पण हे बघ. डॉक्टरच्या खालोखाल! फिजिशियन असिस्टंट. चार वर्षं, सात लाख. नोकरीची हमी, आणि पुढं अमेरिका."

"नाव किती भारदस्त आहे ना!" ताई म्हणाली. "नर्स म्हटलं की स्थळं नाक मुरडतात गं."

सात लाख म्हणजे मोसंबीचे दोन बहार आणि ताईच्या पाटल्या. पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचा, नाही तर जागा जाणार, असं फोनवरून बजावण्यात आलं होतं. आता सांगायचं कुणी? तर मी! शहरात राहते, बी.ए. झालेली आहे, शाळेत शिकवते, म्हणून.

माझं शिकवणं कसलं म्हणता? सकाळचे तीन तास, मराठी आणि इतिहास. बी.एड. राहिलं ते राहिलंच, त्यामुळे पैसे तासावर. गल्लीत मला 'मॅडम' म्हणतात आणि पगार विचारला की मी विषय बदलते. म्हणून भारदस्त नाव ऐकलं की माझं मन आधी पगाराच्या कागदाकडे धावतं. मी दाजींना म्हटलं, "आठ दिवस आहेत ना? मग चार दिवस मला द्या."

आधी वाचून काढलं. हा व्यवसाय काही बनावट नाही बरं का. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी याचा पहिला वर्ग काढला. विद्यार्थी चौघे, नौदलात रुग्णसेवा केलेले. आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी हे शिक्षण सुरू केलं. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यातही या व्यवसायाचं नाव आलं आहे. इथवर वाचून मला वाटलं, दाजी बरोबर आहेत की काय!

पण अभ्यासक्रम असणं वेगळं आणि आपल्या राज्यात त्याची जागा असणं वेगळं. सुगरणीच्या हातचं पक्वान्न झालं तरी जेवायला कुणी तरी यायला हवं ना!

मग शाळा सुटली की मी आणि भाची निघायचो. गारखेड्यापासून सिडकोपर्यंत चार रुग्णालयं झाली. पहिल्या दोन ठिकाणी खिडकीतल्या मुलीला हे नावच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी नोकरभरती बघणाऱ्या बाई भेटल्या, भल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी आम्हांला बसवलं आणि सरळ विचारलं, "ताई, ही मुलगी आमच्याकडे नेमकं करणार काय?"

मी माहितीपत्रकातलं वाचून दाखवलं. पेशंटची हकिकत लिहून घेणं, तपासणी, डॉक्टरांबरोबर राउंड, घरी सोडतानाचे कागद तयार करणं.

त्या हसल्या. "हे सगळं आमच्याकडे बी.ए.एम.एस. नाही तर बी.एच.एम.एस. झालेले डॉक्टर करतात. रात्रपाळीसकट. आणि पगार फार मागत नाहीत."

मैत्रिणींनो, तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्ची आहे, पण तिच्यावर आधीच कुणी तरी बसलेलं आहे! आपल्या महाराष्ट्रात आयुर्वेद आणि होमिओपॅथीची महाविद्यालयं भरपूर. होमिओपॅथांनी औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यास केला तर त्यांना ॲलोपॅथीची औषधं देता यावीत म्हणून २०१४ मध्ये राज्यानं कायदाही बदलला. त्यावरून डॉक्टर मंडळींत भांडणं अजून चालूच आहेत, ती त्यांची त्यांना लखलाभ. पण ज्याच्या नावामागे 'डॉक्टर' लागतं तो थोडक्या पगारात रात्रपाळी करत असेल, तर रुग्णालयवाला असिस्टंट कशाला शोधेल? फिजिशियन असिस्टंटला तर स्वतःच्या सहीनं औषध लिहून देता येत नाही, डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करायचं.

चौथ्या रुग्णालयात मात्र चक्क एक फिजिशियन असिस्टंट भेटली. लातूरकडची, पंचविशीची, चुणचुणीत पोर. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या विभागात होती. बायपासच्या वेळी पायातली शीर काढून द्यायचं काम शिकली होती, आणि ते सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला की माझी भाची खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. पोरीनं पगारही लपवला नाही. सुरुवात १८,००० वर, तीन वर्षांनी २६,०००.

"मावशी," ती मलाच मावशी म्हणाली, "काम सोन्यासारखं आहे. पण जिथं हृदयाची ऑपरेशनं रोज होतात तिथंच. म्हणजे मुंबई-पुणं, नाही तर एखाद-दुसरं मोठं हॉस्पिटल. माझ्या वर्गातल्या काही मुली रिसेप्शनवर बसल्यात."

"आणि अमेरिका?" भाचीनं विचारलं.

ती नुसतीच हसली. तिकडे हे काम करायचं तर तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेत पुन्हा शिकून तिथली परीक्षा द्यावी लागते, इथली पदवी चालत नाही. माहितीपत्रकात मागे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा छापला होता, हे मात्र कुठंच छापलं नव्हतं! इंग्लंडातही २०२५ मध्ये एका सरकारी अहवालानं या लोकांना 'असोसिएट' न म्हणता 'असिस्टंट'च म्हणा असं सुचवलं, कारण पेशंट त्यांना डॉक्टर समजून बसत होते. नावाचा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

उरली सरकारी नोकरी. आमच्या ह्यांनी दोन रात्री बसून मोबाइलवर आरोग्य विभागाच्या जुन्या-नव्या जाहिराती चाळल्या. फिजिशियन असिस्टंट हे पद त्यांना कुठं दिसलं नाही. पण एक दुसरंच दिसलं, समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ नंतर गावोगावच्या उपकेंद्रांची जी आरोग्य केंद्रं झाली (आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात), तिथं बसणारा माणूस. रक्तदाब, मधुमेह तपासायचा, ठरलेली औषधं द्यायची, गरज पडली तर पुढं पाठवायचं. बघा बरं, डॉक्टरचा साहाय्यक म्हणतात तो याहून काय वेगळा? दरमहा २५,००० आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत. कंत्राटी आहे, हे खरं. पैसे वेळेवर येत नाहीत अशी कुरकुरही ऐकली. पण त्यासाठी पदवी लागते ती बी.ए.एम.एस. किंवा बी.एस्सी. नर्सिंगसारखी, आणि सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण.

म्हणजे फिरून गाडी आली नर्सिंगवर! जे नाव ताईला नको होतं तेच.

त्या रात्री भाची माझ्याजवळ झोपली होती. हळूच म्हणाली, "मावशी, मी नर्सिंगची सीईटी दिलीये. मैत्रिणीबरोबर. मार्क बरे आहेत. बाबांना सांगितलं नाही." मी अंधारातच उठून बसले. पोरीला सगळं ठाऊक होतं, विचारलं नव्हतं ते आपणच!

"तुला ते ऑपरेशनचं काम आवडलं होतं ना?" मी म्हटलं.

"आवडलं ना. पण थिएटरात नर्सपण असतात की, मावशी."

तुमच्या घरी एखादीचं मन या अभ्यासक्रमावरच बसलं असेल तर मोडता घालू नका. मात्र पैसे भरण्याआधी मागच्या दोन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या मुलींचे फोन मागा, आणि त्यांनाच विचारा, आज कुठल्या विभागात आहात. शेवटच्या वर्षाचं प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, तिथं हृदयाची ऑपरेशनं होतात का, तेही विचारा. आणि घरबसल्या पदवी देतो असं कुणी म्हणालं तर उठून या. या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरशिक्षणानं चालवायला २०२५ पासून बंदी आहे. आम्ही त्या महाविद्यालयाला फोन नंबर मागितले, तर "हप्ता भरा, मग देऊ" असं उत्तर आलं.

सकाळी दाजींपुढे सगळं मांडलं. ते बराच वेळ गप्प होते. मोसंबी सोलत राहिले, खाल्ली मात्र एकही नाही. मग म्हणाले, "नर्सिंगचं सरकारी कॉलेज मिळालं तर पाटल्या मोडाव्या लागणार नाहीत ना?"

"नाही, दाजी."

ताई अजून थोडी घुश्शात आहे. "लग्नाच्या वेळी तूच स्थळं बघ," असं मला सुनावून गेली. बघेन. यादीत नाव येतं का याची वाट पाहत भाची आता माझ्याकडेच राहिली आहे, आणि आठवड्याचं पाणी भरायला मला दोन हात जास्त मिळाले आहेत.

ते रंगीत माहितीपत्रक मी फडताळात डब्यांखाली पसरलं. कागद मात्र चांगला आहे हो, तेलाचा डाग एका पुसण्यात निघतो.