दोन घरांमधला बोगदा

मोरा बंदर भाऊच्या धक्क्यावरून लाँचने तासाभराचं. पण ओहोटी लागली की गाळामुळे फेऱ्या अडतात. २०२४ मध्ये अटल सेतू झाला, लोकलही उरणपर्यंत आली, तरी मोऱ्याच्या माणसाच्या डोक्यातून भरती-ओहोटी काही जात नाही.

बाबा मोऱ्याला, मी दादरला. घरचे सगळे जुने फोटो आणि कागदपत्रं त्यांच्याकडे, राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर. ती मला इथून उघडता यावी म्हणून दोन्ही घरांचे राउटर व्हीपीएनने जोडायचं ठरवलं. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या भर रस्त्यातून काढलेला, दोन घरांपुरता कुलूपबंद बोगदा. त्यासाठी वायरगार्ड घेतलं. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे.

पहिली गंमत पत्त्यांची. दोन्ही घरांत पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होणारे. अशा वेळी माझा संगणक मोऱ्याची डिस्क दादरच्याच घरात शोधत बसणार, बोगद्याकडे वळणारच नाही. म्हणून मोऱ्याचे पत्ते १९२.१६८.२० ने सुरू केले.

दुसरी गंमत याहून मजेची. दादरच्या कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे, मोऱ्याच्या नाही. तिथे एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. त्यामुळे मी इथून हाक मारून उपयोग नाही. सुरुवात मोऱ्यानेच करायची, आणि वाट मिटू नये म्हणून दर २५ सेकंदांनी तिकडच्या राउटरने नुसतं ‘आहे बरं का’ म्हणत राहायचं.

हे सगळं बाबांना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे तू माझ्या घरात केव्हाही येणार?"

प्रश्न अगदी बरोबर होता. बोगदा मोकळा सोडला की पलीकडचं सगळंच हाताशी येतं. त्यांचा संगणक, टीव्ही, दारावरचा कॅमेरासुद्धा. म्हाताऱ्या आईबापांचं सगळं आपल्याला दिसत राहावं असं वाटतं, आणि त्याला आपण काळजी म्हणतो. असेलही. पण ज्याची काळजी घ्यायची, त्याला विचारायला नको?

मोऱ्याच्या राउटरवर फायरवॉलचा नियम लिहिला: दादरहून फक्त हार्ड डिस्कचा पत्ता. कॅमेरा नाही. बोगदा बंद कुठून करायचा, तेही बाबांना दाखवून ठेवलं.

दुपारी आडवं होताना ते बोगदा बंद करतात. का, ते मी विचारत नाही.