अण्णांची गोळी

अण्णांना आम्लपित्ताचा जुना त्रास. डॉक्टरांनी रोज न्याहारीच्या अर्धा तास आधी एक गोळी सांगितली होती. महिना उलटला तरी पाकीट संपेना, तेव्हा उमगले; अण्णा ती एक दिवसाआड घेत होते. माझी परीक्षेची फी भरायची होती ना!

दवाखान्याच्या दाराशी दोनदा घुटमळून मी आत गेलो. "डॉक्टर, कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून द्याल का?" त्यांनी लगेच लिहिले : पँटोप्रॅझोल, ४० मिलिग्रॅम. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानात तीच गोळी निम्म्याहून कमी किमतीत मिळाली.

"स्वस्त म्हणजे हलकी तर नाही ना?" अण्णांनी विचारले. मी दोन्ही पाकिटांवरचे तेच नाव, तोच आकडा दाखवला.

आता ते गोळी रोज घेतात. एवढासा प्रश्न विचारायला मी का लाजलो, कोण जाणे!